टपालकलेची चंची

(द्वितीय वर्ष कला)

निबंधाचा आरंभ शब्दाच्या व्युत्पत्तीने करावा, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. त्या शिरस्त्याप्रमाणे ‘पत्र म्हणजे मूळचे झाडाचे पान’ अशी सुरुवात मला करता आली असती. परंतु माझ्या विषयाची सुरुवात खायच्या पानापासून होते. माझ्या आजीच्या कमरेला नेहमी एक चंची खोचलेली असे. ज्यांनी चंची पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते : हातभर लांब, वीतभर रुंद अशी कापडी पिशवी, तिला एकाखाली एक चार-पाच कप्पे आणि टोकाला नाडी. एका कप्प्यात पान, दुसऱ्यात सुपारी, मग कात, तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता. गुंडाळून नाडी बांधली की सगळे मुठीत मावते. आजी अंधारातसुद्धा न चुकता हव्या त्या कप्प्यात बोट घालत असे. शेत, बाजार, यात्रा, उसाचा फड, ती जाईल तिथे तिचे हे दुकान तिच्याबरोबर जाई. आजी गेली त्याला आता तीन वर्षे झाली. चंची माझ्याकडे आली. तिच्यात आता सुपारी नाही. खोडरबर आहेत, पोस्टाची तिकिटे आहेत, अर्धे ब्लेड आहे.

हे सगळे कशासाठी, ते सांगण्यापूर्वी ‘मेल आर्ट’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपण तिला टपालकला म्हणू. चित्र काढून ते टपालाने पाठवले म्हणजे टपालकला झाली असे नाही. जी कलाकृती टपालातून जाण्यासाठीच केलेली असते, तिकीट, शिक्का, पत्ता, प्रवासात पडलेली घडी हे सारे जिचा भाग असते आणि जिला पाहणारा पुष्कळदा एकच असतो, ती टपालकला. अमेरिकेतील रे जॉन्सन (1927–1995) हा या पंथाचा आद्य पुरुष मानला जातो. तो मित्रांना, ओळखीच्यांना आणि कित्येकदा अनोळखी माणसांनाही कात्रणे आणि अर्धवट रेखाटने पाठवी आणि सोबत सूचना लिही की, यात भर घालून परत पाठवा. 1962 च्या सुमारास या देवघेवीला ‘न्यू यॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल’ असे विनोदी नाव पडले. 1970 मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे प्रदर्शनही झाले. पुढे जगभर पसरलेल्या टपालकलेच्या प्रदर्शनांचे काही अलिखित नियम ठरून गेले : परीक्षक नाहीत, प्रवेशमूल्य नाही, जे येईल ते सगळे मांडायचे. आपल्या स्नेहसंमेलनातील चित्रकला स्पर्धेच्या नियमांशी हे ताडून पाहावे, म्हणजे फरक कळेल!

दुसरे नाव ऑन कवारा या जपानी चित्रकाराचे. 1968 ते 1979 या काळात तो रोज दोन पोस्टकार्डे दोन माणसांना पाठवत असे. मजकूर एवढाच, की मी आज अमुक वाजून अमुक मिनिटांनी उठलो. आणि तोही हाताने लिहिलेला नव्हे, रबरी शिक्क्यांनी उमटवलेला. वाचनालयातल्या पुस्तकात हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. उठल्याची वेळ कळवण्यात कला ती कोणती? ते हसू पुढे कसे ओसरले, ते ओघात येईलच.

ही कला निव्वळ गंमत राहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे. उरुग्वे देशात लष्करी राजवट असताना क्लेमेंते पादिन हा टपालकलावंत जगभर कार्डे, तिकिटे आणि शिक्के धाडत असे. 1977 मध्ये त्याला त्यापायी तुरुंगात जावे लागले. पोस्टाच्या पेटीत पडलेल्या कागदाला सरकार एवढे भ्यायले.

आपल्या नगरला (आता 2024 पासून अहिल्यानगर) पत्रांचा याहून निराळा इतिहास आहे. भुईकोट किल्ल्यात 1942 पासून ब्रिटिश सरकारने काँग्रेसचे पुढारी कैदेत ठेवले होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथे लिहिले, हे शाळेपासून आपण पाठ करतो. त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद यांनी आपल्या एका स्नेह्याच्या नावे उर्दूत पत्रांमागून पत्रे लिहिली. ती टपालात पडायची नव्हती, हे लिहिताना त्यांना ठाऊक होते. चहा, चिमण्या, पहाटेची वेळ असे विषय त्यांत आहेत. सुटकेनंतर 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती पुस्तकरूपाने निघाली. सावेडीहून मी सायकलने किल्ल्यापर्यंत जाते तेव्हा माझ्या मनात येते, की त्यांच्याजवळ शब्द उदंड होते, टपाल नव्हते. माझ्या घरी उलट आहे. टपाल आहे, पण ज्या व्यक्तीला पत्र लिहायचे तिला अक्षर येत नाही.

आता घरचे सांगते. आम्ही पाथर्डी तालुक्यातले. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागता लागता परततात. ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. उचल घ्यायची, बैलगाडी सजवायची, कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत पाचटाची कोपी बांधायची आणि हंगाम संपेपर्यंत उचल फेडायची. मी बारावीपर्यंत गावी आजीजवळ राहिले आणि आजीच्या मागे सावेडीत मावशीकडे आले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दादांना (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) सही येते. आईला तीही येत नाही.

“मोबाईल असताना पत्र कशाला?” हा प्रश्न मला वर्गात सर्वांनी विचारला. त्याचे उत्तर असे की, मोबाईल एक आहे आणि तो दादांच्या खिशात असतो. रात्री फोन येतो, दादा म्हणतात, “सगळं बरंय, अभ्यास कर,” आणि मग आईच्या हाती फोन जातो तेव्हा आजूबाजूला सगळी टोळी जेवायला बसलेली असते. आईही म्हणते, “बरंय.” एवढे ऐकण्यासाठी पुरेसे आहे, पण ते पुन्हा काढून पाहता येत नाही. आईच्या उशाशी ठेवता येईल आणि कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही, असे काहीतरी मला तिला पाठवायचे होते.

आपल्याकडे निरक्षर माणसालाही वाचता येईल असे पत्र पूर्वीपासून होतेच. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. ते पाहिले की आत काय आहे ते न वाचता कळते. आणि कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले की घरात कोणीतरी गेल्याची बातमी. आजी सांगे, पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की बाया अंगणातच बसून घेत. ते कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नसत; बाहेरच वाचून फाडून टाकत. रे जॉन्सनला हे कोणी सांगितले असते तर त्याला फार आवडले असते, असे मला वाटते. कागदाचा एक कोपरा नाहीसा करून सगळे सांगून टाकणे, यापेक्षा थोडक्यात कोणती टपालकला असेल?

असो. साहित्याकडे वळू. गेल्या वर्षीच्या हंगामाआधी मी पहिला संच जमवला तो पुस्तकात वाचून आणि हौसेने. प्लॅस्टिकचा मोठा डबा घेतला. त्यात रंगीत स्केचपेने, दोन कात्र्या, चमकीचा कागद, गोंदाची बाटली, चार खोडरबर, जुन्या लग्नपत्रिका, एसटीची तिकिटे, कांदा मार्केटच्या हिशोबपट्ट्या असे पुष्कळ भरले. महिनाभरात तो डबा फसला. खोडरबर डब्याच्या तळाला असे चिकटले, की काढताना त्यांचे तोंडच विरघळल्यासारखे झाले. (मऊ खोडरबरांत प्लॅस्टिक नरम ठेवणारे द्रव्य असते, ते दुसऱ्या प्लॅस्टिकलाही नरम करते. म्हणून खोडरबर नेहमी कागदात किंवा कापडात गुंडाळून ठेवावेत. त्यांच्यावर कागदाचे वेष्टन असते ते उगीच नव्हे.) स्केचपेनची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरली. एका कार्डावर मी ज्वारीचे दाणे चिकटवून कणीस केले होते. ते पोहोचले तेव्हा त्यावर गोंदाचे डाग तेवढे शिल्लक होते. कणीस वाटेत कोणत्या तरी टपालथैलीत राहिले. पोस्टातल्या बाईंनी नंतर मला समजावले, “कार्डावर उंचवटा नको गं, वर शिक्का मारायचा असतो. आणि थैलीत त्यावर शेकडो कार्डे पडतात.” बाईंचे बोलणे मला पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा जास्त उपयोगी पडले.

मुळात आपण पोस्टकार्ड नीट पाहतच नाही. 14 सेंटिमीटर लांब, 9 सेंटिमीटर रुंद. हिंदुस्थानात ते 1 जुलै 1879 रोजी आले तेव्हा पाव आण्याला, म्हणजे त्या वेळच्या एका पैशाला मिळे. मी घेतली ती पन्नास पैशांना एक. वर तिकीट छापलेलेच असते, तेव्हा संचात ते वेगळे बाळगावे लागत नाही. तिकिटे लिफाफ्यापुरती. कार्डाचा कागद शाई पिणारा, हा त्याचा गुणही आणि दोषही. पेन्सिल आणि मेणखडू यांना दमट हवेचे भय नाही. बॉलपेनही बरेच टिकते. जेलपेन मात्र वर्ज्य. पत्ता लिहून झाल्यावर त्यावरून मेणबत्ती हलकेच घासावी, म्हणजे दवाने अक्षर फुटत नाही. मात्र मेण तिकिटावर घासू नये, पोस्टाचा शिक्का त्यावर बसणार नाही.

पत्त्याबरोबर पिनकोड आलाच. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतचे कवी व नाटककार. ज्या माणसाने वृत्तांची मात्रा मोजली त्यानेच देशभराच्या पत्त्यांची मात्रा मोजली, असे म्हणायचा मोह होतो. पहिले तीन आकडे टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन पत्र वाटणारे पोस्ट. सावेडीचा 414003. या सहा आकड्यांचा शिक्का मी सर्वांत आधी कोरला, कारण माझ्या योजनेत सगळा भार त्याच्यावर होता.

योजना अशी होती. आईचा मुक्काम बदलत राहतो. एक फड संपला की टोळी दुसरीकडे. तिचा पत्ता म्हणजे ‘मार्फत किराणा दुकान’, आणि तोही कधी खरा, कधी शिळा. माझा पत्ता मात्र ठरलेला. म्हणजे टपाल खात्रीने वाहणार ते तिच्याकडून माझ्याकडे. आणि मी तर सगळा डबा माझ्यासाठी जमवला होता! रे जॉन्सनचे ‘भर घालून परत पाठवा’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. पण भर कशाने घालायची, हा विचार केला नव्हता. जिला उत्तर द्यायचे तिच्याजवळ पेन नाही, गोंद नाही, अक्षर नाही. संच जमवायचा तर तिचा जमवला पाहिजे. डबा बाजूला ठेवला आणि आजीची चंची धुऊन वाळत घातली.

चंचीचा पहिला कप्पा कार्डांचा. वीस कार्डे, सर्वांवर माझा पत्ता आधीच लिहिलेला, पिनकोडाचा शिक्का मारलेला आणि मेण घासलेले. एकूण खर्च दहा रुपये. कप्पा आडवा थोडा लहान पडत होता, तो मावशीने उसवून मोठा करून दिला. दुसऱ्यात चार शिक्के. तिसऱ्यात शाईची गादी. चौथ्यात पेन्सिलीचा तुकडा आणि मेणखडूचे दोन तुकडे. पाचवा रिकामा ठेवला, तिला वाटेल ते ठेवायला. गोंदाची बाटली काढून टाकली. फडाच्या बांधावर बाभळी असतात, बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला की उत्तम गोंद होतो, आणि हे आईने मला शिकवायचे, मी तिला नव्हे. मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले मोरचूद घालतात. ते विष आहे. कोपीत लहान पोरे असतात, तेव्हा तोही नाद सोडला.

शिक्के कोरण्याविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण वर्गातल्या पुष्कळांनी विचारले आहे. साधा पांढरा खोडरबर घ्यावा, पाच रुपयांचा पुरे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढावे, ते रबरावर पालथे ठेवून चमच्याच्या पाठीने घासावे. रबरावर चित्र उलटे उमटते, म्हणजे शिक्का मारल्यावर सुलटे येईल. देवनागरी अक्षर कोरायचे असेल तर कागद खिडकीच्या काचेला पालथा लावून ते रबरावर उलटे कसे दिसेल ते आधी पाहून घ्यावे. शिरोरेषा फसवत नाही, पण ‘क’ आणि ‘फ’ हमखास फसवतात. अर्धे ब्लेड घ्यावे, धरायच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळावी. आणि मुख्य गोष्ट : ब्लेड रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरपे धरावे. डोंगराला पायथा रुंद असतो तसे. आत तिरपे गेले की रेषेखालचे रबर पोखरले जाते आणि दहाव्या ठशाला तुटते. माझे पहिले दोन बैल असेच पायांत मोडले. कोरून झाल्यावर मागे लाकडाची चकती चिकटवावी, म्हणजे शाईने बोटे भरत नाहीत. आईसाठी कोरलेले चार शिक्के असे : कोयता, बैल, चूल, चंद्रकोर. कोयता म्हणजे काम चालू, चूल म्हणजे घरचे ठीक, बैल म्हणजे बैल, आणि चंद्र मी केवळ शोभेसाठी केला होता.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस मी चंची घेऊन गावी गेले. आईने एकेक कप्पा उघडून पाहिला. कार्डे पाहिली, शिक्के पाहिले, चूल पाहून हसली. मग शाईच्या गादीची पत्र्याची डबी उघडली. गादी जांभळी होती, दुकानात मिळते ती नेहमीची. तिने झाकण परत लावले आणि डबी माझ्यासमोर ठेवली.

“ही नगं.”

“का गं?”

“ह्या शाईनं आंगठा घेत्यात. तुझ्या पत्राला कशाला ती?”

मला पुढे बोलता येईना. उचलीच्या कागदावर दरवर्षी तिचा अंगठा जांभळ्या गादीवर दाबून घेतलेला मी लहानपणापासून पाहिला आहे. चार-पाच दिवस तो डाग तिच्या नखाच्या कडेला असतो, भाकरी थापतानाही दिसतो. मी त्याच रंगाची डबी आजीच्या चंचीत घालून तिच्या हातात दिली होती. दुकानात हिरवी आणि लालही होती.

तोडगा आईनेच काढला. आजीची चुन्याची डबी चंचीबरोबर माझ्याकडे आली होती, ती तिने मागितली. घरातली हळद घेतली, थोडे पाणी, बोटावर चुना. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरगुती कुंकू असेच करत. बामच्या रिकाम्या डबीत धोतराच्या चिंधीची घडी बसवली, तिला तो लाल रंग पाजला. पहिला ठसा चुलीचा घेतला. ठसा जांभळ्या शाईइतका रेखीव येत नाही, आणि ती लाली टिकतही नाही. उन्हात हळदीचा रंग उडतो, महिन्या-दोन महिन्यांनी ठसा विटकरी, पुसट होत जातो. विज्ञान शाखेच्या मैत्रिणीने मला त्याचे कारणही सांगितले. पण सांगून काही उपयोग नव्हता, गादी ठरून गेली होती.

पहिले कार्ड दिवाळीनंतर सावेडीत आले. चार कोपऱ्यांना हळदीची चार बोटे, मध्ये चूल आणि कोयता. मावशीने ते देव्हाऱ्यात ठेवले. पुढे दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, आई गावच्या लाल पेटीत स्वतः कार्ड टाकी. कोणाकडून लिहून घ्यायचे नाही, कोणाला पत्ता विचारायचा नाही. पोस्टकार्ड सगळ्या जगासमोर उघडे असते, वाटेतल्या कोणीही वाचावे. आईचे कार्डही सर्वांनी पाहिले असेल. वाचले फक्त मी.

वाचले म्हणते खरी, पण चौथ्या-पाचव्या कार्डापर्यंत मी चुकतच होते. चंद्र मी शोभेसाठी दिला होता. तो कधी कार्डाच्या वरच्या कडेला असे, कधी अगदी खाली एका बाजूला. मला वाटले, जागा मिळेल तिथे ठोकला असेल. एकदा पौर्णिमेच्या सुमाराचे कार्ड आले, त्यात चंद्र डाव्या कडेला तळाशी होता. त्यापुढच्यात तो उजवीकडे, अर्ध्या उंचीवर. त्या कार्डावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख नशिबाने स्पष्ट होती. भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहिले तर वद्य अष्टमी. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो; तो पूर्वेला अर्ध्यावर आला म्हणजे पहाटेचे तीन. पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला बुडायला आला म्हणजे साडेपाचच्या आसपास. फोनवर विचारले, “चंद्र कुठला गं?” आई म्हणाली, “निघायच्या येळंला दिसतो तो.” पौर्णिमेला टोळी उशिरा निघाली होती, अष्टमीला तीनला. मला ऑन कवाराची आठवण झाली. त्याच्या पोस्टकार्डांना मी हसले होते.

आणि बैल. पौष महिन्यात एक कार्ड आले त्यात बैलाचा शिक्का उलटा होता, पाय वर. घाईत उलटा धरला गेला असेल, असे मी मानले. पुढच्या कार्डातही बैल उलटाच. कोपऱ्यांना हळद होती, म्हणजे माणसे ठीक होती. त्या रात्री दादांचा फोन आला. मी विचारले, “बैल कसा आहे?” दादा जरा थांबले. “तुला कोणी सांगितलं?” बैल आठ दिवसांपासून बसून होता. गाडी दुसऱ्याच्या बैलावर भाड्याने चालली होती आणि भाडे उचलीत वाढत होते. पोरीच्या परीक्षेचे दिवस, म्हणून मला सांगायचे नाही असे ठरले होते. आईने फोनवर तोंड मिटून ठेवले आणि पोस्टातून सांगितले. उलटा शिक्का ही खूण मी तिला शिकवलेली नव्हती. माझ्या संचात ती नव्हतीच. मावशीच्या ओळखीने पशुवैद्यकाचा सल्ला फोनवर मिळाला, औषध तिकडच्या दवाखान्यातून घेतले. पुढे फाल्गुनात एका कार्डावर बैल आडवा आला, आणि त्यानंतरच्या कार्डावर उभा.

एका कार्डाचा प्रसंग मात्र अजून अंगावर काटा आणतो. माघात एके दिवशी पोस्टमनकाकांनी कार्ड दिले, त्याचा वरचा उजवा कोपरा नव्हता. मी फाटकातच खाली बसले. कार्डावर चूल होती, कोयता होता, पण हळदीची बोटे होती तीनच, कारण चौथे त्या कोपऱ्यावर होते. दादांचा फोन बंद. दुकानदाराचा क्रमांक माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मावशी आणि मी एकमेकींशी त्या विषयावर बोललो नाही. आजीच्या तोंडून ऐकलेले सगळे आम्हा दोघींनाही आठवत होते. संध्याकाळी फोन लागला. चार्जर बिघडला होता, बाकी काही नाही. कोपरा वाटेत कुठेतरी, बहुधा थैलीत अडकून फाटला असावा. टपालकलेच्या पुस्तकांत प्रवासात होणारी झीज ही कलाकृतीचाच भाग मानावी असे म्हणतात. मलाही ते तत्त्व पटत असे. त्या दिवसापासून मी चंचीतल्या कार्डांच्या कोपऱ्यांना आधीच कात्रीने गोल करून ठेवते, मावशीची बांगडी लावून. गोल कोपरा थैलीत अडकत नाही, आणि चुकून गेला तरी फाडलेल्यासारखा दिसत नाही. हळद आता कोपऱ्यांना लावायची नाही, कार्डाच्या मध्यावर एक बोट लावायचे, असे आम्ही ठरवले.

ज्यांना स्वतःची चंची करायची आहे त्यांनी शिक्के आपापले कोरावेत. माझे चार शिक्के उसने देण्यात अर्थ नाही. मैत्रिणीचा भाऊ सैन्यात आहे, तिने त्याच्यासाठी लिफाफ्याची चंची केली, तिच्यात तिकिटे आणि सुई-दोरा आहे. एकाने आजोबांसाठी करून पाहिली. आजोबांना दिसत नाही, म्हणून त्याने कार्डाला मागून टाचणीने भोके पाडून बोटांना लागतील असे ठिपके केले. उंचवटा फार नाही, पोस्टाने हरकत घेतली नाही. आमच्या सरांनी विभागात या कार्डांचे छोटे प्रदर्शन भरवू या, असे सुचवले. मी आईला विचारले. ती म्हणाली, “बैलाची सोडून बाकीची लाव.” म्हणून ती दोन कार्डे प्रदर्शनात नव्हती.

गेल्या हंगामात वीसपैकी सतरा कार्डे आली. दोन कोऱ्या स्थितीत चंचीतून परत आली आणि एकाचा पत्ता लागला नाही. शिक्क्यांपैकी कोयता झिजला आहे. तो पुन्हा कोरला. यंदा आईने तीस कार्डे मागितली आहेत आणि पाचव्या कप्प्यासाठी एक नवा शिक्का सांगितला आहे, पुस्तकाचा. तो कशासाठी, ते तिने सांगितलेले नाही. कार्ड आले की कळेल.